आपल्या घराचा नकाशा ठरवणाऱ्या मंडळावर कोण असतं?

माझी मावशी मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. खोली एकशेसाठ चौरस फूट. एका कोपऱ्यात मोरी, तिला लागून ओटा आणि वर पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर गणपतीच्या मखरापासून लग्नात मिळालेल्या पिंपापर्यंत सगळा संसार रचलेला. दाराबाहेर लांबलचक बोळ. दोन्ही बाजूंना खोल्या असल्यामुळे भर दुपारीही बोळात दिवा लावावा लागे. मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि संडास सगळ्यांत मिळून. सकाळी मावशी बादली भरून दारात ठेवायची आणि कान बोळाकडे लावून चहा करायची. कुणाच्या चपला परत आल्या, आपला नंबर लागला का, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, ही खोली एवढीच का? ती म्हणाली, "सरकारनं बांधली ना बाळा, तेव्हाच मापून दिली."

हे "सरकार" म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. खोलीचं माप आकाशातून पडत नाही. कुठल्याशा बैठकीत काही माणसांनी ते ठरवलेलं असतं. ती माणसं पोटापाण्यासाठी काय करत होती? कुणी इंजिनिअर होता, कुणी गिरण्यांच्या कारभारातला, कुणी सनदी अधिकारी? माझं म्हणणं असं आहे की मंडळावर बसणाऱ्यांचा पेशा घराच्या भिंतीत उतरतो. म्हणून शहराच्या घरबांधणी मंडळावर कोण येतं, कसं येतं आणि त्यानं काय फरक पडतो, हे नीट समजून घ्यायला हवं.

मंडळावर माणूस येतो कसा

घरबांधणीचं काम करणारी सरकारी संस्था दोन प्रकारची असते. एक म्हणजे कायद्यानं स्थापलेलं मंडळ किंवा प्राधिकरण, जसं राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण म्हाडा. तिथे "सदस्य" असतात. दुसरी म्हणजे सरकारच्या मालकीची कंपनी, जशी नवी मुंबई वसवणारी सिडको. तिथे "संचालक" असतात. नावं वेगळी असली तरी काम साधारण एकच: जमीन कुठे घ्यायची, पैसा कुठून आणायचा, किती घरं बांधायची, कुणाला किती किमतीत द्यायची.

अशा मंडळात शिरायला साधारण तीन वाटा आहेत. पहिली पदसिद्ध. म्हणजे माणूस कोणीही असो, ती खुर्ची असली की मंडळावर जागा आपोआप मिळते. महापालिका आयुक्त बदलले की नवे आयुक्त येऊन बसतात. दुसरी वाट निवडून येण्याची. एखादी संस्था आपल्यातून प्रतिनिधी पाठवते. तिसरी वाट नेमणुकीची, म्हणजे सरकार आपल्या पसंतीचा माणूस बसवतं. मंडळाची यादी हातात आली की मी आधी हेच बघतो की कोण कुठल्या वाटेनं आलंय. कारण माणूस ज्या वाटेनं येतो, त्या वाटेकडे त्याची मान वळलेली असते. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघतो, आणि निवडून आलेला पाठवणाऱ्यांकडे.

चौदा विश्वस्त

मुंबईतलं याचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ते ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. मग १८९८ मध्ये कायदा करून हा ट्रस्ट उभा केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, शहरात हवा खेळवायची आणि गरिबांसाठी घरं बांधायची, हे त्याचं काम.

ट्रस्टवर चौदा विश्वस्त होते. तिघे पदसिद्ध: मुंबईतल्या लष्कराचे प्रमुख, कलेक्टर आणि महापालिका आयुक्त. चौघे महापालिकेनं निवडलेले. एकेक जण चेंबर ऑफ कॉमर्सचा, पोर्ट ट्रस्टचा आणि गिरणीमालक संघाचा. बाकीचे चौघे सरकारनं नेमलेले, अध्यक्ष त्यांच्यातच.

ही यादी मी कितीदा तरी वाचली आहे. तीत व्यापार आहे, बंदर आहे, गिरणी आहे, सैन्य आहे, महसूल आहे. ज्याची चाळ पाडली जाणार तो मात्र कुठेच नाही. महापालिकेच्या चार जागांवर तरी तो आला असता, असं कुणाला वाटेल. पण त्या काळी महापालिकेला मतदान करायलाच घरपट्टी भरण्याची किंवा तशी ऐपत लागायची. दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या गिरणीकामगाराला मतच नव्हतं, तर विश्वस्त कुठून मिळणार?

पहिले अध्यक्ष वॉल्टर ह्यूज हे इंजिनिअर. ह्यूज रोड, म्हणजे आताचा पाटकर मार्ग, त्यांच्याच नावाचा. ट्रस्टनं पुढच्या वर्षांत काय केलं ते पाहा: प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. समुद्रावरचं वारं दाट वस्तीत शिरावं म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे शहर चिरत नेलेले हे रस्ते आजही मुंबईचा कणा आहेत. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते आणि झाडांच्या रांगाही ट्रस्टच्याच. इंजिनिअरचं डोकं, व्यापाऱ्याचा हिशेब आणि कर्जरोख्यांचा पैसा एकत्र आला की असं काम होतं, आणि ते फार चांगलं होतं हे मान्य करायला मला काही अडचण नाही. पण पहिली बरीच वर्षं ट्रस्टनं जेवढ्या खोल्या पाडल्या, तेवढ्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या आळीत, आधीच भरलेल्या चाळीत जाऊन कोंबली गेली. रस्ता रुंद झाला, गर्दी गल्लीआड सरकली.

विश्वस्तांमधलं एक नाव आपल्या ओळखीचं आहे, दिनशा वाच्छा. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, आकडेवारीत कुणाला न ऐकणारे, सरकारच्या खर्चावर सतत नजर ठेवणारे. ट्रस्ट स्थापन झाल्यापासून सुमारे वीस वर्षं ते विश्वस्त होते. हेच वाच्छा गिरणीमालक संघाच्या समितीवरही अनेक वर्षं होते. ट्रस्टच्या काळात सतत चाललेला वाद असा की गिरणीकामगारांची घरं कोणी बांधायची, ट्रस्टनं, महापालिकेनं की मालकांनी स्वतः? एकाच माणसाचा एक पाय घर देणाऱ्या मंडळात आणि दुसरा मालकांच्या समितीत असला, तर तो कितीही सचोटीचा असो, त्याला दोन्हीकडचं ओढत राहणार. हितसंबंध म्हणतात तो हा. त्यात लबाडीच असते असं नाही. बहुतेक वेळा ती फक्त सवय असते. रोज ज्यांच्यासोबत आपण जेवतो, त्यांची अडचण आपल्याला आधी दिसते.

साडेत्रेसष्ट अंश

ट्रस्टचे पुढचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर सनदी अधिकारी होते. त्यांना उजेडाचा ध्यास होता. खोलीच्या आतपर्यंत आकाशाचा उजेड पोचलाच पाहिजे, यासाठी त्यांनी साडेत्रेसष्ट अंशाच्या कोनाचा नियम धरून लावला. ऐकायला अवघड वाटतं, पण हिशेब सोपा आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुप्पट असावी, त्याहून जास्त नको. मध्ये वीस फूट मोकळे असतील तर समोर चाळीस फूट उंच भिंत चालेल, साठ फूट नाही. म्हणजे तळमजल्यावरच्या बाईलाही डाळ निवडताना खडा दिसेल.

हा नियम प्लेगच्या भीतीतून आला. त्या काळात अंधार आणि कोंदट हवा हीच रोगाची मुळं मानली जात. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नुकतं पुढे येत होतं, त्यामुळे कारण अर्धवट होतं. पण उपाय मात्र योग्य होता, कारण क्षयाच्या जंतूंना उजेड आणि खेळती हवा खरोखरच मानवत नाही.

आता थेट २०१८ मध्ये या. गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही, वारा फिरत नाही, आणि तिथेच क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. एका साथीनं शहराला जे शिकवलं होतं, ते शंभर वर्षांनी आपण विसरून गेलो. नकाशा मंजूर होताना चटईक्षेत्राचा, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचा, हिशेब जाणणारे भरपूर असतात. खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या फुप्फुसाचा विचार करणारा डॉक्टर त्या खोलीत असावा असं कुणाला वाटत नाही. मला याची फार चीड येते, आणि मी ती लपवणार नाही.

मंडळच नसेल तर

मावशीची चाळ ट्रस्टनं बांधलेली नव्हती. ती बांधली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं, म्हणून बीडीडी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये हे खातं काढलं. खात्याचे संचालक लॉलेस हेपर, लष्करी इंजिनिअर, रेल्वेच्या कारभारातून आलेले. इथे चौदा जणांची घासाघीस नव्हती. लवकर, मजबूत आणि मोठ्या संख्येनं बांधायचं, एवढंच ध्येय. पन्नास हजार खोल्या उठवायचं ठरलं, आणि खर्चाचा काही भाग कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर लावून उभा करायचा.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती झाल्या. प्रत्येकीत तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ऐंशी. गुणाकार करा, साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. सिमेंट काँक्रीट असं की शंभर वर्षं टिकलं. रेल्वेचे पूल बांधणारी माणसं घर बांधतात तेव्हा ते पुलासारखंच टिकतं. पण राहायला कसं होतं? सुरुवातीला खिडकीच्या जागी सिमेंटच्या पट्ट्यांची पक्की जाळी होती. ती बंद करता येत नसे. पावसाची झड थेट अंथरुणावर यायची. पुढे तिथे खिडक्या बसवाव्या लागल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, शहरात माणसं दाटीवाटीनं राहत असताना, या नव्या कोऱ्या चाळींमधल्या हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या.

एका कामगाराच्या बायकोला कुणी नकाशा दाखवला असता, तर तिनं पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, "पाऊस आला की हे बंद कसं करायचं?"

त्याच खात्याचं दुसरं मोठं काम म्हणजे बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढणं. तिथे खर्च भरमसाट वाढला, गाळ काढण्याचा अंदाज साफ चुकला. हे चव्हाट्यावर आणलं ते खुर्शेद नरिमन यांनी. ते वकील होते आणि कायदेमंडळाचे सदस्य होते. खात्याच्या एका इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले आणि खात्याची लक्तरं कोर्टाच्या नोंदीत कायमची राहिली. कागद मागणारा, सही कुणाची आहे ते विचारणारा माणूस आत नसला, की तो बाहेरून आणि उशिरा येतो. तोवर पैसा समुद्रात गेलेला असतो. नरिमन पॉइंट हे नाव त्यांचंच.

वास्तुविशारद आले तेव्हा

नवी मुंबईची कल्पना १९६५ मध्ये मांडली ती तिघांनी: चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद, शिरीष पटेल हे इंजिनिअर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले आणि पटेलांनी पहिली पाच वर्षं नियोजनाची धुरा सांभाळली. रचनाकार निर्णयाच्या इतक्या जवळ आपल्याकडे क्वचितच पोचलेत. नवी मुंबईतली गावठाणांभोवतीची नोड (शहराचे आखलेले वेगवेगळे भाग), मोठी स्टेशनं, पुढे बेलापूरला कोरियांनीच उभारलेली अंगणाभोवतीची बैठी, वाढवता येणारी घरं, हे सगळं त्या विचारातून आलं. अंगण हवं, घर कुटुंबासोबत वाढायला हवं, हे सुचायला माणसं कशी जगतात याकडे बघणारा डोळा लागतो.

पण इथेही एक खुर्ची रिकामी होती. जमीन गेली ती ९५ गावांची. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यावर जगणारे आगरी-कोळी लोक. शहर त्यांच्या शेतांवर आखलं गेलं आणि भाव ठरवताना त्यांना विचारलं गेलं नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकरी रस्त्यावर आले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. दि. बा. स्वतः वकील आणि त्याच जासईचे. कायद्याची भाषा आणि शेताचा बांध दोन्ही ओळखणारा असा एक माणूस १९७० मध्ये संचालकांत असता तर? इतिहासाला जर-तर चालत नाही हे कळतं, तरी जासईच्या हुतात्मा स्मारकापाशी उभं राहिलं की हा प्रश्न मनातून जात नाही.

आज यादी कशी वाचायची

मुंबईत १९४८ मध्ये गृहनिर्माण मंडळ झालं, १९६९ मध्ये जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या, इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आलं (तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या), आणि १९७७ मध्ये सगळं म्हाडाच्या छत्राखाली गेलं. आज म्हाडाचे उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी भारतीय प्रशासन सेवेतले असतात. विभागीय मंडळांचे मुख्य अधिकारी सरकारी, सभापती सरकारनं नेमलेले. सभापतीची जागा बहुधा राजकीय कार्यकर्त्याकडे जाते आणि पुष्कळदा ती रिकामीच राहते. सिडकोतही कारभार सनदी अधिकाऱ्याच्या हाती.

प्रशासनातला माणूस नियम जाणतो, फाइल हलवतो, पण दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. इमारत मात्र साठ-सत्तर वर्षं उभी राहायची असते. लेखापाल किंवा बँकेतला माणूस कर्ज फिटेल का ते सांगतो. मात्र तो घराकडे रकान्यातला आकडा म्हणून बघायला लागला की परवडणारं घर कुणालाच परवडत नाही. बिल्डर मंडळाजवळ असला तर खर्चाचे अंदाज खरे निघतात. पण टेंडर कुणाला जातंय यावर चार डोळे जास्त ठेवावे लागतात. राजकीय सभापतीला लोकांच्या तक्रारी तोंडपाठ असतात, हे त्याचं बळ आहे. निवडणूक जवळ आली की त्याला पायाभरणीची घाई होते, ही त्याची मर्यादा. आणि इमारत दुरुस्त होईपर्यंत म्हणून दिलेल्या तात्पुरत्या घरात, संक्रमण शिबिरात, वीस वर्षं काढलेला माणूस? त्याला कुठलीही पदवी लागत नाही, कारण दुरुस्तीच्या करारातलं कुठलं वाक्य फसवं आहे हे त्यानं अंगावर भोगलेलं असतं.

राहणाऱ्यांना मंडळावर बसवणं ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. अमेरिकेत १९९८ पासून केंद्रीय कायदाच आहे की, काही अपवाद सोडले तर, सार्वजनिक घरबांधणी मंडळावर किमान एक सदस्य त्या घरांत राहणारा हवा. न्यू यॉर्क शहराच्या मंडळात सात सदस्य आहेत, त्यांतले तिघे भाडेकरू. तिथले प्रश्न त्यामुळे संपले नाहीत. त्या घरांच्या गळक्या छतांच्या आणि बंद लिफ्टच्या बातम्या आजही येतात. पण गळती म्हणजे काय, हे मंडळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे काय करता येईल? माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ मध्ये एक तरतूद आहे, जी फार कमी जण वापरतात. सरकारी संस्थेनं आपल्या मंडळांची आणि समित्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची असते: त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हेही सांगायचं असतं. अर्ज करण्याआधी ती माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. नसेल तर मागा. सदस्य कोण, कुठल्या वाटेनं आले, किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या वर्षात बैठका किती झाल्या. मराठीत साध्या कागदावर अर्ज लिहिला तरी चालतो.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाच करते आहे. एकशेसाठच्या जागी पाचशे चौरस फूट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. मावशी आता नाही. तिच्या सुनेनं, आमच्या वहिनीनं, नमुना घर बघायला मला सोबत नेलं होतं. वहिनी ब्लाऊज शिवते, तीस वर्षं तोच धंदा. बाकीचे लोक फरशीवरून हात फिरवत होते, फोटो काढत होते. वहिनीनं पर्समधून शिवणाची टेप काढली, हॉलच्या खिडकीखालची भिंत मोजली, मग गुडघ्यावर बसून विजेचा प्लग जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. तिथे उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरला तिनं विचारलं, "ही खिडकी कुठल्या दिशेला?" तो म्हणाला, पूर्वेला. "म्हणजे मशीन इथे. दुपारपर्यंत दिवा लावायला नको," ती म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली. त्या मुलानं खिशातली वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.